बासनातली अकरा नावं

१

फळीवर बासन नव्हतं.

उदबत्तीचं घर होतं, जाडजूड शब्दकोश होते, आणि त्यांच्या मधली वीतभर जागा पडलेल्या दातासारखी रिकामी होती. प्रमोदकाका आपल्या अभ्यासाच्या खोलीच्या दारात उभे होते. हातातली खिचडीची डिश कलली, साबुदाणा गालिच्यावर टपटप सांडला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"इरावती," ते म्हणाले, "दार लाव."

इरावतीनं दार लावलं. बाहेर दिवाणखान्यात तीस-पस्तीस माणसं फराळ करत होती. ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या टेकडीवरच्या त्या घरात रविवारचं कीर्तन नुकतंच संपलं होतं. विभावरीताईंनी विदुराचं आख्यान लावलं होतं आणि इरावतीनं पेटीची साथ केली होती. भैरवी अजून तिच्या बोटांत रेंगाळत होती. आजचा दिवस सोन्याचा गेला, देवा, असं ती मनात म्हणतच होती, तेवढ्यात काकांनी तिला खुणेनं आत बोलावलं होतं.

"तुझं ते इन्शुरन्सचं काम," काका म्हणाले. "लोक खरं बोलतात की खोटं, ते तू शोधतेस ना?"

"क्लेम तपासते, काका. बावीस वर्षं झाली. काय गेलं?"

"वही. तांबड्या बासनातली."

ती वही इरावतीला ऐकून ठाऊक होती. सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक होती, कारण काका तिच्याबद्दल दर दिवाळीला बोलत. सहा वर्षं ते एका देशात आर्थिक सल्लागार होते. त्या देशाचं नाव या गोष्टीत येणार नाही. तिथे एकच पक्ष आहे, लाल निशाण आहे, आणि ज्यांच्याविषयी हे सांगायचं ती माणसं अजून तिथेच राहतात. एवढं पुरे. तिथल्या सुधारणा कुठे अडतात, कोण अडवतं, कसं अडवतं, हे काकांना तिथल्याच अकरा अधिकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन सांगितलं होतं. काकांनी ते मोडी लिपीत टिपलं होतं. वही बासनात गुंडाळून पोथीसारखी ठेवायची आणि रोज सकाळी तिला हात जोडायचे. खोलीची झडती घेणाऱ्यांनी दोनदा सगळं उचकटलं, पण म्हातारा ज्याच्यापुढे डोकं टेकवतो ते त्यांनी कधी सोडून पाहिलं नाही. निवृत्त होऊन काका ऑकलंडला आले. सवय तशीच राहिली.

"त्यात खरी नावं आहेत?" इरावतीनं विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "इतिहासाला नावं लागतात असं मला वाटायचं."

"कुणाला मोडी वाचता येते इथे?"

"तिथे ते मोडी येणाऱ्याला शोधून आणतील. बुधवारी त्यांचं शिष्टमंडळ येतंय, इरावती. व्यापारवाढीसाठी. आणि त्या अकराजणांपैकी एक त्याच विमानात आहे. माझ्या खिडकीवाल्या बाई."

'खिडकीवाल्या बाई' हे काकांनीच दिलेलं नाव. एका जिल्ह्यात त्या बाईंनी चाळीस दिवस एक खिडकी चालवली होती. शिवणकाम करणारी बाई सकाळी तिथे येई आणि दुपारी दुकानाचा परवाना घेऊन जाई. एरवी त्यालाच एकोणीस शिक्के लागत.

"वही बुधवारी त्यांच्या प्रमुखाच्या हातात पडली," काका म्हणाले, "तर बाई इथून परत जातील त्या घरी नाही जायच्या. सरळ..."

दारावर थाप पडली.

२

दार ढकलून तिघं आत आले. पुढे काकांच्या पत्नी सुलेखाकाकू, पदराला हात पुसत. मागे हरीशकाका, काकांचे पुण्यापासूनचे मित्र. आणि शेवटी मंडळाचा अध्यक्ष देवव्रत, घामानं निथळलेला, कारण सतरंज्या, चौरंग, स्पीकर अशी मंडळाची सगळी सामग्री तो एकट्यानं उचलून टाकानिनीला आपल्या गॅरेजात नेत असे. कुणी काही सांगितलं आणि देवव्रत नाही म्हणाला, असं कधी झालं नव्हतं.

"गाडी भरली, काका. निघतो," तो म्हणाला आणि थबकला. "काय झालं?"

काकांनी सांगितलं. सुलेखाकाकू खुर्चीत बसल्याच. "अहो, पावणेचारला मी इथे उदबत्ती लावून गेले. तेव्हा होतं हो बासन!"

"गेली ना ती चहाडखोर वही?" हरीशकाका गरजले. ते पक्के पोथीनिष्ठ कम्युनिस्ट. कीर्तनाला यायचे ते फक्त खिचडीसाठी, असं स्वतःच सांगायचे. "बरं झालं! मी तर पम्याला वीस वर्षं सांगतोय, जाळून टाक. सहा वर्षं त्यांचं मीठ खाल्लंस आणि त्यांच्याच उखाळ्यापाखाळ्या लिहिल्यास!"

"हऱ्या, माणसं मरतील रे."

हरीशकाकांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं.

"पोलिसांना फोन करूया," इरावती म्हणाली.

"शंभर टक्के," देवव्रत म्हणाला. "करायलाच हवा, ताई. फक्त घाईघाईत नको. नीट टाइप करू, सगळ्यांच्या सह्या घेऊ. माझ्या ओळखीचा एक ऑफिसर आहे, गुरुवारी ड्यूटीवर असतो."

"मग निदान कुणी बाहेर पडायच्या आत पिशव्या बघू."

"बेस्ट आयडिया! आधी कोण कोण आलं होतं त्याची यादी करतो. उगाच कुणाला वाईट वाटायला नको." आणि तो कागद शोधायला लागला. कागद सापडेपर्यंत पोर्चमधल्या चपला, जँडल्स एकेक करून कमी झाल्या. गाड्या उतारावरून निघून गेल्या.

खोलीच्या उंबऱ्याशी कुणीतरी घुटमळत होतं. अबोली. न्यू लिनच्या कॉपी सेंटरमध्ये काम करणारी, शिकायला म्हणून आलेली आणि आता इथलीच झालेली पोर. ती पुण्यात मोडी शिकली होती, म्हणून काकांच्या पुस्तकासाठी वही तीच टाइप करत होती.

"काका, सापडेल ना?" ती पुटपुटली. चेहरा पांढराफटक.

इरावती तिच्याकडे बघत राहिली. पूर्वरंग संपला की कीर्तन थांबतं, कीर्तनकाराला हार घालतात आणि सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागतो. खोलीतल्या प्रत्येकाच्या कपाळावर तो काळा ठिपका होता. अगदी हरीशकाकांच्याही.

अबोलीचं कपाळ कोरं होतं.

३

सोमवारी सकाळी काकांच्या घरचा फोन वाजला. परदेशातला नंबर. काकांनी कानाला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. एकदा. दोनदा. मग फोन कट झाला.

"त्यांना कळलंय," काकांनी इरावतीला ऑफिसात फोन करून सांगितलं. "वही माझी आहे, हे त्यांना कळलंय."

इरावतीनं अर्धा दिवस रजा टाकली. पोलिसांना सांगायचं तर अकरा नावं सांगावी लागणार, ती कुठल्या कुठल्या टेबलावर जातील कोण जाणे, म्हणून काकाच आता नको म्हणत होते. मग ती हरीशकाकांकडे गेली. ते त्याच रस्त्यावर राहत. अंगणात लिंबाला पाणी घालत होते.

"ये. मला बेड्या घालायला आलीस?"

"वही जाळा असं तुम्हीच म्हणत होता, काका."

"ओरडत होतो. वीस माणसांच्या देखत. जो ओरडून नाही म्हणतो तो चोरी कशाला करेल गं?" त्यांनी पाइप खाली टाकला. "आणि ऐक. त्या वहीतली एक गोष्ट खरी आहे. पम्यासमोर कबूल करणार नाही, पण मी तिथे धरणावर चार वर्षं होतो, डोळ्यांनी पाहिलंय. सुधारणा कोण मारतं? विरोध करणारा? छे! विरोधकाशी भांडता येतं, त्याला हरवता येतं. मारणारा असतो तो हो म्हणणारा. 'उत्तम प्रस्ताव, कॉम्रेड. यावर सखोल अभ्यास व्हावा.' संपलं! त्या बाईंची खिडकी कुणी बंद केली माहितीये? कुणीच नाही. तिचा सत्कार केला. यशस्वी म्हणून जाहीर केली आणि मूल्यमापनाला समिती नेमली. समितीचा अहवाल येईपर्यंत खिडकीला कुलूप. अहवाल अजून यायचाय."

"आणि तरीही तुम्ही त्या सरकारच्या बाजूचे?"

"मी गरिबाच्या बाजूचा आहे," हरीशकाका चिडून म्हणाले. "ते होते असं मला वाटलं, ही काय माझी चूक?"

परतताना इरावतीनं काकांच्या घराकडे पाहिलं. भर दुपारी सगळे पडदे ओढलेले होते.

तिच्या फोनवर देवव्रतचा मेसेज येऊन पडला होता. मंडळाच्या कॅमेऱ्यावर कीर्तनाचं रेकॉर्डिंग झालं होतं, ते तिनं मागितलं होतं. 'देतो ना ताई! आवाज साफ करून गुरुवारी नक्की. एकदम मस्त, स्वीट ॲज.'

४

अबोली न्यू लिन स्टेशनबाहेरच्या बाकावर भेटली. डब्याचं झाकण उघडून तसंच मांडीवर ठेवलेलं.

"बुक्का लावायच्या वेळी कुठे होतीस?" इरावतीनं सरळच विचारलं.

"वॉशरूमला."

"अबोली, मी साथीला बसते. कीर्तनकाराच्या मागे, लोकांकडे तोंड करून. कोण डुलकी काढतं, कोण फोन बघतं, सगळं दिसतं मला. पूर्वरंगात एक माणूस जागचा हलला नाही. मध्यंतराला हार घालायची गडबड झाली, तेव्हा तेवढी तू उठलीस, आणि वॉशरूम आहे त्याच्या उलट दिशेला गेलीस."

अबोलीचा धीर सुटला. "ताई, मी वही नाही घेतली, आईशप्पथ! काकांनी मला सांगितलं होतं, टाइप करताना नावं घालायची नाहीत, नंबर घालायचे. सुरुवातीची दोन प्रकरणं मी विसरून नावांसकट टाइप केली. ती फाईल त्यांच्या कॉम्प्युटरवर होती. बुधवारी ते लोक येणार म्हटल्यावर मला झोप येईना. म्हणून गुपचूप जाऊन नावं काढून टाकली."

"किती वाजता?"

"पाच. आणि ताई..." तिनं नाक पुसलं. "तेव्हाच फळी रिकामी होती. मला वाटलं काकांनीच हलवली असेल. नंतर बोलले असते तर सगळे म्हणाले असते, तूच."

इरावतीनं मनाशी वेळा मांडल्या. पावणेचारला बासन होतं. पाचला नव्हतं. चारला कीर्तन सुरू झालं आणि तिथून पाचपर्यंत कुणी उठलं नाही. म्हणजे चोरी झाली ती चारच्या आधीच्या पाव तासात. पण त्या पाव तासात सुलेखाकाकू हळदकुंकू घेऊन पुढच्या दारात उभ्या होत्या. माणसं नुसती आत येत होती, बाहेर कुणी गेलं नव्हतं. मागचं दार फराळाच्या टेबलानं अडवलेलं.

म्हणजे बासन खोलीतून निघालं, पण घरातून नाही. मग दोन-अडीच तास ते होतं कुठे?

"तुझ्याकडे कालचा एखादा व्हिडिओ आहे?"

"आईला पाठवायला पाच मिनिटांचा घेतला होता. सुरुवातीचा. पण त्यात काय, ताई, नुसतं कीर्तन आहे."

५

संध्याकाळी इरावती घरी पेटी पुढे घेऊन बसली. मन थाऱ्यावर नसलं की ती असंच करायची. काल विभावरीताईंनी काय रंगवला होता विदुर! भाऊ चुकतोय, मुलं चुकतायत, कुळाचा नाश दिसतोय, आणि विदुर राजाला जाऊन पुन्हा पुन्हा सांगतोय. आंधळा धृतराष्ट्र एकदाही त्याला गप्प बस म्हणत नाही. विभावरीताई टाळ थांबवून, मान डोलवत त्याचा आवाज काढायच्या: "खरंय विदुरा, खरंय! किती बरं बोललास!" लोक हसायचे. आणि राजा काहीच करायचा नाही. पुढच्या कडव्याला तोच ठेका आणि तेच, खरंय विदुरा, खरंय.

इरावतीचा हात सुरावरच थांबला.

शंभर टक्के, ताई. बेस्ट आयडिया. देतो ना. गुरुवारी. गुरुवारी. तिनं तीन गोष्टी सुचवल्या होत्या. त्या तिन्हींना एका माणसानं हो म्हटलं होतं. दोन बुधवारच्या पलीकडे नेऊन ठेवल्या होत्या आणि तिसरी यादीत बुडवली होती.

तिनं अबोलीचा व्हिडिओ उघडला. विभावरीताई उभ्या, वीणा खांद्याला, नमन चाललेलं. बाजूला चौरंग. चौरंगावर विठ्ठलाची तसबीर, समई, आणि झेंडूच्या भल्या मोठ्या हाराखाली काहीतरी तांबडं. तिनं चित्र मोठं केलं.

बासन.

तिनं विभावरीताईंना फोन लावला.

"ताई, काल चौरंगावर पोथी होती ती तुमची?"

"माझी? अगं, कीर्तनात पोथी कधीपासून ठेवायला लागलो आपण?" विभावरीताई हसल्या. "पारायणाला पोथी लागते, प्रवचनाला लागते. मी उभी राहून बोलणारी बाई. मला वाटलं, घरच्यांची श्रद्धा असेल. सुलेखावहिनींनी ठेवली असणार."

आणि सुलेखाकाकूंना वाटलं असणार, ताईंनी आणली. त्या तर दारात आणि स्वयंपाकघरातच होत्या. गुडघ्यांमुळे प्रमोदकाका पार मागे, खिडकीपाशी खुर्चीवर. हाराखालचं त्यांना काय दिसणार? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी आहे. पोथी घेऊन चाललेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. पोथीकडे बघतात, वाट देतात, हात जोडतात. ज्याला ती घरातून नेता येईना, त्यानं ती सगळ्यांच्या देखत देवापुढे नेऊन ठेवली. आणि आरती झाल्यावर चौरंगावरचं सगळं आवरून मंडळाच्या ट्रंकेत कुणी भरलं?

पेटीवर बसण्याआधी तिनं स्वतः त्या बासनावर तुळशीचं पान वाहिलं होतं.

६

मंगळवारी सकाळी ती हरीशकाकांना घेऊन टाकानिनीला गेली. एकटीनं जायची छाती झाली नाही. त्या वसाहतीतली सगळी घरं सारखी, राखाडी, नवीकोरी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गॅरेजचं दार वर होतं आणि आत देवव्रत एकटाच खुर्चीवर बसला होता. मंडळाची ट्रंक पुढ्यात, मांडीवर तांबडं बासन. तो कुणाची तरी वाटच पाहत असल्यासारखा दिसला.

"या, ताई."

"दिलीस का रे ती कुणाला?" हरीशकाका दारातूनच ओरडले.

"नाही."

"फोटो?"

"नाही. आधी काहीतरी पदरात पडू दे म्हटलं." त्याचे डोळे सुजले होते. "त्यांच्या परवाना खात्याचं सॉफ्टवेअर आमची कंपनी करतेय. ऑनलाइन खिडकी. दोन वर्षांपूर्वी मंजूर झालं. दोन वर्षं, ताई! रोज मेल येतो, अभिनंदन, अभ्यास सुरू आहे. माझ्याकडे चौदा माणसं आहेत, त्यांना डिसेंबरनंतर काय सांगू? म्हटलं, यांना हवंसं काहीतरी हातात ठेवलं की फाईल हलेल."

"अकरा माणसांच्या जिवावर?" इरावती म्हणाली.

"मला ती माणसं दिसत नव्हती! मोडी येते कुठे मला? मला नुसत्या रेघा दिसत होत्या."

शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"त्यांना काय कळवलंस?" इरावतीनं विचारलं. "खरं सांग."

"रविवारी रात्रीच मेल केला शिष्टमंडळाच्या सचिवालयाला. तुमच्या माजी सल्लागाराची वही आहे, अकरा नावं आहेत, बुधवारी समक्ष देतो. आज पहाटे उत्तर आलं." त्यानं फोन पुढे केला.

इरावतीनं वाचलं. माहिती अत्यंत मोलाची असल्याबद्दल सचिवालय आभारी होतं. मात्र परकीय लिपीतला दस्तऐवज दौऱ्यात स्वीकारण्याची तरतूद नव्हती. अधिकृत भाषांतर, त्यावर दोन्ही देशांचे शिक्के आणि विहित नमुन्यातला अर्ज आल्यावर प्रस्ताव अभ्यासासाठी समितीपुढे ठेवण्यात येईल. तोवर अर्जदारानं याविषयी अन्य कोणाशीही पत्रव्यवहार करू नये. नोंद क्रमांक अमुक अमुक.

हरीशकाका तिच्या खांद्यावरून वाचत होते. ते मध्येच हसले आणि मग खालची सही पाहून त्यांचं हसू विरलं.

"सचिव कोण आहे, वाचलंस?"

ते नाव इरावतीनं काकांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं. खिडकीवाल्या बाई.

तो मेल बाईंच्याच टेबलावर आला होता. सोमवारचा तो मुका फोन त्यांचा होता. बोलायचं धाडस झालं नसावं, म्हातारा जिवंत आहे ना, घरी आहे ना, एवढंच पाहिलं असावं. आणि मग ज्या हत्यारानं त्यांची स्वतःची खिडकी मारली होती, तेच त्यांनी उचललं होतं. नाही म्हटलं नाही. हो म्हटलं, आभार मानले आणि अभ्यासाला लावलं.

"उद्या तू तिथे येणार नाहीस," इरावती देवव्रतला म्हणाली. "आजारी आहेस. आणि त्या मेलला उत्तर पाठवायचं नाही. कधीच नाही."

देवव्रतनं मान हलवली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यानं तोंडानं हो म्हटलं नाही. बासन दोन्ही हातांनी पुढे केलं. ते हरीशकाकांनी घेतलं.

७

वहीची पानं सुलेखाकाकूंनी त्याच दुपारी बादलीत भिजत घातली. संध्याकाळपर्यंत तिचा लगदा झाला. काका शेजारी स्टुलावर बसून होते. पुस्तकाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

बुधवारी बंदरावरच्या हॉलमध्ये समारंभ झाला. किया ओरा म्हणत स्वागत, हस्तांदोलनं, फोटो. माजी सल्लागार म्हणून काकांना आमंत्रण होतं, आणि न जाणं हीच मोठी खूण ठरली असती, म्हणून ते इरावतीचा हात धरून गेले. बाई प्रमुखाच्या डाव्या हाताला उभ्या होत्या. लहानखुऱ्या, राखाडी कोट, केस पिकलेले. काका पुढे आले. प्रमुख बघत होता.

"आपली पूर्वी भेट झाल्याचं मला आठवत नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले. "पहिल्यांदाच."

हात सुटायला क्षणभर जास्त लागला. तेवढ्यात, प्रमुख पुढच्या पाहुण्याकडे वळता वळता, बाई सहज गप्पा मारल्यासारख्या म्हणाल्या, "सुंदर शहर आहे. माझा हा शेवटचाच दौरा. मार्चमध्ये निवृत्त होतेय. माझं टेबल दुसरं कुणीतरी घेईल."

काकांनी अभिनंदन केलं. गाडीत बसेपर्यंत त्यांनी चेहरा हलू दिला नाही. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नोंद क्रमांक पडलाय, इरावती. तिथे कागद थांबतो, मरत नाही. मार्चपर्यंत तो तिच्या खणात आहे. नंतर दुसरा कुणी खण उघडेल, सहा वर्षांत मी कुणाकुणाला भेटलो ते काढायला बसेल. नावं न वाचताही पोचेल त्यांच्यापर्यंत."

"चार महिने आहेत," ती म्हणाली.

"कळवणार कसं? फोन नाही, पत्र नाही. मला व्हिसा मिळणार नाही."

मागच्या सीटवर हरीशकाका होते. ते बाहेरच गाडीत थांबले होते. "मला मिळेल," ते म्हणाले. "जुना कॉम्रेड, धरण बघायला आलोय. पायघड्या घालतील."

"हऱ्या, पकडला गेलास तर?"

"माझ्याकडे कागदाचा कपटा सापडणार नाही. नावं सांग, पाठ करतो."

"तुझ्या नातवंडांची नावं आठवत नाहीत तुला!"

ते खरंच होतं. हिल्सबरोला पोचल्यावर इरावतीनं पेटी उघडली. विभावरीताईंना बोलावून घेतलं. काकांनी डोळे मिटून एकेक नाव सांगितलं. परकी, चढउतारांची नावं, जिभेवर न बसणारी. विभावरीताईंनी ती दोन-तीनदा स्वतःशी घोळवली, टाळीवर धरली, आणि पूर्वरंगाच्या साध्या धावत्या चालीत पहिली चार बसवली. मग पुढची चार. मग तीन, शेवटच्या नावावर सम. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, घरात नामस्मरण चाललंय. इरावतीच्या मनात आलं, ते तसंही होतंच.

पोहुटुकावाच्या झाडामागे ऊन अजून होतं. पडदे ओढलेलेच होते. सत्तरी ओलांडलेला, देव न मानणारा माणूस सतरंजीवर मांडी घालून बसला होता, टाळ्या चुकवत होता आणि घामाघूम होऊन गात होता. नववं आलं. दहावं आलं. अकराव्यापाशी तो अडखळला, ओठ हलले, पण नाव येईना. आवाज बंद पडला.

ते अकरावं नाव बाईंचं होतं. बाईंना सगळं ठाऊकच होतं, तरी काकांनी ते गाळलं नव्हतं.

"पहिल्यापासून," प्रमोदकाका म्हणाले.

इरावतीनं भाता ओढला.